तिसऱ्या रकान्यातील गाव : महालनोबिस प्रतिमान, भिलाई आणि खारूनकाठची कुम्हारी

१९५५ या वर्षातील दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या, तर भारतीय नियोजनाच्या इतिहासातील एक गाठ दृष्टीस पडते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टन क्षमतेचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला. हाच पुढे भिलाईचा कारखाना. १७ मार्च १९५५ रोजी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा मसुदा-आराखडा सादर केला. दोहोंमध्ये सहा आठवड्यांचे अंतर आहे आणि करार आधीचा आहे. आराखड्यामागील द्विक्षेत्रीय गणिती मांडणी महालनोबिसांनी १९५३ मध्येच ‘संख्या’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली होती, त्यामुळे केलेल्या कृतीला मागाहून सिद्धांत जोडला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि, प्रतिमान आणि भूमी यांचा संबंध पाठ्यपुस्तकात दाखवतात तितका सरळ नव्हता, एवढे या तारखांवरून लक्षात यावे.

त्या काळी भिलाईचा परिसर ज्या दुर्ग जिल्ह्यात मोडत असे, तो जुन्या मध्यप्रदेश राज्यात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुराहून छत्तीसगढचा कारभार पाहिला, तेव्हापासून हा प्रदेश या ना त्या रूपाने नागपूरशी बांधलेला होता. १९५० च्या कायद्यान्वये या राज्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा राजभाषा म्हणून स्वीकारल्या होत्या. राज्यकारभाराच्या परिभाषेचे डॉ. रघुवीर यांचे काम नागपुरातच चालले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग भोपाळच्या अमलाखाली आला आणि मराठी वाचकाच्या नकाशावरून भिलाई हळूहळू पुसली गेली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा ती दुसऱ्या राज्यातील बातमी होती. या प्रसंगाचा आर्थिक वाद मात्र पुण्यात आणि मुंबईत लढला गेला. तो वाद आणि ती भूमी यांची फारकत झालेली असल्याने दोन्ही बाजूंचे वाचन अपुरे राहिले आहे. प्रस्तुत निबंधात ती एकत्र वाचण्याचा प्रयत्न आहे आणि त्यासाठी कारखान्याच्या मुख्य दरवाजापेक्षा त्याच्या पूर्वेकडील कुम्हारी हे ठिकाण निवडले आहे.

कुम्हारी रायपूरहून दुर्गकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आणि हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावर, खारून नदी ओलांडताच लागते. खारून ही रायपूर आणि दुर्ग या जिल्ह्यांची सीमा. ती पुढे शिवनाथला मिळते आणि शिवनाथ महानदीला. जनगणनेच्या हिशेबात कुम्हारी दुर्ग–भिलाईनगर नागरी समूहात धरली जाते, पण ती पोलाद कारखान्याने वसवलेल्या नगरीचा भाग नाही. नाव उच्चारताच कुंभार आठवतो. नावाच्या व्युत्पत्तीवर येथे काहीही उभारावयाचे नाही. परंतु कुंभार आठवणे उपयोगी आहे, कारण महालनोबिसांच्या तक्त्यात कुंभाराला निश्चित जागा आहे.

तो तक्ता नीट पाहावयास हवा. साहित्याभ्यासकांनी सहसा त्याची घोषवाक्ये वाचली, आकडे अर्थशास्त्रज्ञांवर सोडून दिले. वस्तुतः या संहितेचा आशय आकड्यांतच आहे. महालनोबिसांनी अर्थव्यवस्थेचे चार रकाने केले : पहिला भांडवली वस्तूंचा, दुसरा कारखान्यात होणाऱ्या उपभोग्य वस्तूंचा, तिसरा घरगुती व लहान उत्पादनाचा, ज्यात शेतीही समाविष्ट होती, आणि चौथा सेवांचा. पाच वर्षांत ५,६०० कोटी रुपये गुंतवावयाचे, उत्पन्न वर्षाला पाच टक्क्यांनी वाढवावयाचे आणि एक कोटी दहा लाख लोकांना नवे काम द्यावयाचे, अशी उद्दिष्टे होती. प्रत्येक रकान्यासाठी दोन गुणक गृहीत धरले होते. एका रुपयाच्या गुंतवणुकीतून किती उत्पन्न निघते, हा पहिला : भांडवली वस्तूंत ०.२०, कारखानी उपभोग्य वस्तूंत ०.३५, घरगुती क्षेत्रात १.२५, सेवांत ०.४५. एका माणसाला काम देण्यास किती भांडवल लागते, हा दुसरा : अनुक्रमे २०,००० रुपये, ८,७५० रुपये, २,५०० रुपये आणि ३,७५० रुपये. पहिल्या रकान्याला एकूण गुंतवणुकीचा एक-तृतीयांश हिस्सा द्यावयाचा हे दीर्घकालीन वाढीच्या विचाराने आधीच ठरलेले होते. उरलेले तीन हिस्से काढण्यासाठी तीन समीकरणे होती. तीन अज्ञाते, तीन समीकरणे; उत्तर एकच येते. निवड करावयास तेथे जागाच नव्हती, निवड आधी झालेली होती.

उत्तर असे आले. तिसऱ्या रकान्याला सुमारे २१ टक्के, म्हणजे ११८० कोटींच्या आसपास. त्यातून अपेक्षित उत्पन्नवाढ सुमारे १,४७० कोटींची, एकूण अपेक्षित वाढीच्या निम्मी. आणि काम मिळणारे सत्तेचाळीस लाख. याउलट पहिल्या रकान्यात गुंतवणूक सुमारे १,८५० कोटींची, उत्पन्नवाढ ३७० कोटींची आणि रोजगार नऊ लाखांचा. म्हणजे ज्या योजनेला अवजड उद्योगांची योजना म्हणून सर्वत्र ओळखले जाते, तिचे पहिल्या पाच वर्षांचे उत्पन्न आणि पोटापाण्याची सोय ही दोन्ही ओझी शेतकरी, विणकर, कुंभार यांच्या रकान्याने वाहावयाची होती, तीही सर्वात स्वस्तात. १.२५ हा गुणक कोठून आला, याविषयी तत्कालीन अर्थशास्त्रज्ञांनी शंका घेतल्या आणि त्या रास्त होत्या. पण आकडा अचूक होता की नाही, याहून त्याने कोणती भूमिका पार पाडली हे अधिक महत्त्वाचे. कथनशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर पहिला रकाना हा या संहितेचा नायक आहे, तिसरा रकाना तिचा काळ चालवतो. पोलाद तयार होऊन त्यातून यंत्रे, यंत्रांतून कारखाने आणि कारखान्यांतून कापड-भांडी निघेपर्यंत मधल्या काळात लोकांनी काय खावे, काय नेसावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तिसरा रकाना.

येथे तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने एक उपप्रश्न उद्भवतो, तो थोडक्यात नोंदवून पुढे जावे. सोव्हिएत अर्थशास्त्रज्ञ फेल्डमन यांनी १९२८ मध्ये रशियन भाषेत याच प्रकारची द्विक्षेत्रीय मांडणी केली होती. तिचा परिचय पाश्चात्त्य जगाला एव्हसे डोमार यांनी १९५७ मध्ये करून दिला. महालनोबिसांची मांडणी तिच्यापासून स्वतंत्रपणे झाली, असे सामान्यतः मानले जाते. प्रभावाभ्यास करणाऱ्याला येथे हाती फारसे लागत नाही, साधर्म्याभ्यास करणाऱ्याला मात्र पुष्कळ लागते : परकीय व्यापारावर भरवसा ठेवता येत नाही, असे मानणाऱ्या दोन गरीब, अवाढव्य, शेतीप्रधान देशांनी एकाच गणिती रूपबंधापर्यंत यावे, यात रूपबंध परिस्थितीतून उगवतो या जुन्या म्हणण्याला चांगला आधार मिळतो.

तिसऱ्या रकान्याची व्यवस्था लावण्याचे काम एका मराठी अर्थशास्त्रज्ञाकडे आले. दुसऱ्या योजनेसाठी ग्रामोद्योग व लघुउद्योगांचा विचार करणारी समिती १९५५ मध्ये पुण्याचे द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. गावगाड्याचा अभ्यास ही मराठी ज्ञानपरंपरेची जुनी मिरास होती. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गाव-गाडा’ १९१५ मधले. धनंजयराव गाडगीळांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारताच्या औद्योगिक स्थित्यंतराचा विचार करताना शहरी कारागीर आणि खेड्यातील कारागीर हा भेद काळजीपूर्वक केला होता. शहरातील विणकराची पडझड बाजारामुळे होते. खेड्यातील कुंभार, सुतार बलुत्याच्या नात्याने पिकाशी बांधलेले असल्याने त्यांची पडझड पिकाबरोबर होते. छत्तीसगढात याच नात्याला पौनी-पसारी म्हणतात. शब्द वेगळा, वर्षाकाठी खळ्यावर धान मोजून घेण्याची रीत तीच. महालनोबिसांनी कुंभार आणि शेतकरी एकाच रकान्यात टाकले, ते गणिताच्या सोयीसाठी. पण गाडगीळांच्या वाचकाला त्यात नकळत साधलेले एक सत्यही दिसले असते. मात्र ते नाते पेरलेल्या जमिनीवर अवलंबून आहे, हे गुणकात कोठेच येत नाही. जमीन स्थिर, पाणी स्थिर, लोखंडाची खाण अक्षय, अशी त्या समीकरणांची मूक धारणा होती.

या प्रतिमानाला जे विरोध झाले, त्यांतील बे. रा. शेणॉय यांची १९५५ मधील भिन्नमतपत्रिका सर्वाधिक उद्धृत होते. तुटीचा अर्थभरणा आणि परकीय चलनाची चणचण यांविषयीचा त्यांचा इशारा १९५७–५८ मधील चलनसंकटाने खराही ठरवला. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा विरोध मुंबई विद्यापीठातून आला. चंदुलाल नगीनदास वकील आणि प. रा. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये विस्तारशील अर्थव्यवस्थेच्या नियोजनावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे, थोडक्यात आणि बरेच सुलभ करून, असे : गरीब देशात खरे भांडवल म्हणजे यंत्र नव्हे, धान्य. शेतात गरजेपेक्षा जास्त हात राबतात. ते तेथून काढून दुसऱ्या कामाला लावावयाचे, तर त्यांना खाऊ घालणारे धान्य, नेसवणारे कापड, म्हणजे वेतनवस्तू, हाताशी पाहिजेत. त्या वस्तूंची तूट हीच विकासाची खरी तूट. पोलाद आधी आणि धान्य मागाहून, हा क्रम त्यामुळे उलटा आहे.

हा युक्तिवाद मुंबईत लिहिला जात होता, त्याच वेळी त्याची चाचणी घेता येईल अशी भूमी छत्तीसगढात होती. ज्या प्रदेशाला धानाचा कटोरा म्हणतात, नेमक्या तेथेच पोलादाचा कारखाना उभा राहत होता. बालोदजवळचा तांदुला जलाशय धानशेतीच्या सिंचनासाठी १९२१ च्या सुमारास पुरा झाला होता. दुष्काळांनी होरपळलेल्या या भागात तो मोठा आधार होता. भिलाईची तहान त्याच जलसमूहातून भागवण्याचे ठरले. धान आणि पोलाद एकाच पाण्याचे मागणीदार झाले, पण महालनोबिसांच्या तक्त्यात ते वेगवेगळ्या रकान्यांत असल्यामुळे त्यांच्यातील ओढाताण दिसण्याची सोय नव्हती. वकील–ब्रह्मानंदांनाही ती दिसली नाही. त्यांची वेतनवस्तू हीदेखील एक अमूर्त राशी होती, अमुक तलावाखालचे अमुक धान नव्हते. खारूनच्या पलीकडे रायपूरला बसून डॉ. रा. ह. रिछारिया यांनी पुढे सत्तरच्या दशकात या प्रदेशातील धानाचे सतरा हजारांहून अधिक वाण गोळा केले. या संग्रहाकडे वेतनवस्तूंच्या सिद्धांताची राहून गेलेली तळटीप म्हणून पाहता येते. धान्य ही एक राशी नाही. प्रत्येक वाणाला आपली जमीन आणि आपला पाऊस असतो.

गाडगीळांचा मार्ग तिसराच होता. प्रवरानगर येथे १९५० मध्ये सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्याचे ते संस्थापक अध्यक्ष होते. तेथे यंत्र पिकाच्या मागे गेले होते, पीक यंत्राच्या मागे नव्हे, आणि मालकी शेतकऱ्यांची होती. नियोजन म्हणजे प्रकल्पांची यादी नसून किमती आणि वाटप यांविषयीचे सुसंगत धोरण असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह कायम राहिला. प्रवरेचे उदाहरण भिलाईला पर्याय म्हणून दाखवण्याचा मोह मराठी लेखनात पुष्कळदा दिसतो. तो आवरलेला बरा. उसाने पाण्याचे काय केले, हे आता लपून राहिलेले नाही. शिवाय सहकाराने सभासदांचे भले केले तरी ऊसतोडणी करणारा तेथेही सभासद नव्हता. दोन्ही प्रतिमानांना आपापला तिसरा रकाना होता.

भिलाईत प्रत्यक्षात काय घडले, याचे सर्वात सखोल वर्णन जॉनथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाने केले आहे. दोन दशकांहून अधिक काळच्या क्षेत्रकार्यावर आधारलेला त्याचा ग्रंथ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील दोन निरीक्षणे येथे पुरेशी आहेत. आसपासच्या खेड्यांतील माणसे आरंभी कारखान्यात कामाला जाण्यास नाखूश होती. बांधकामासाठी नरबळी दिले जातात, अशा वदंता पसरल्या होत्या. परिणामी आरंभीच्या जागा मोठ्या प्रमाणावर दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्यांनी भरल्या. दुसरे निरीक्षण भाषेचे आहे. भिलाईत ‘नौकरी’ आणि ‘काम’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत. कायम, सुरक्षित, पगारी जागा म्हणजे नौकरी. कंत्राटदाराकडचे, आज आहे उद्या नाही असे, ते काम. मराठीतही ‘नोकरी’ लागते आणि ‘काम’ मिळते, हा क्रियापदांचा भेद सहज ऐकू येतो. महालनोबिसांच्या तक्त्यात रोजगाराचा एकच स्तंभ होता. भिलाईच्या बोलीने तो चिरून दोन केला. पॅरीच्या मते ही केवळ उत्पन्नाची दरी नाही, ते दोन वर्गच आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीनंतर कायम कामगारांची संख्या निम्म्याहून खाली आली, उत्पादन मात्र घटले नाही. जे काम पूर्वी नौकरीवाले करीत, ते आता कामवाले करू लागले.

तिसरा रकाना तात्पुरता आहे, ही प्रतिमानाची मूळ कल्पना होती. भांडवली क्षेत्र पुरेसे वाढले की तो आपोआप आक्रसेल, त्यातील माणसे पहिल्या-दुसऱ्या रकान्यांत सामावली जातील. तसे झाले नाही. पोलाद नगरीच्या भोवती, आणि विशेषतः रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गाच्या बाजूंनी, खाजगी कारखान्यांची पट्टी तयार झाली. कुम्हारी या पट्टीत येते. येथे ना टाउनशिपची शाळा आणि इस्पितळ, ना जुन्या पौनी-पसारीची हमी. १९५५ ची आपली पहिली जागा सुटलेले आणि दुसरी न मिळालेले लोक येथे राहतात. पॅरीने आपल्या २००३ मधील एका निबंधाच्या शीर्षकात खेड्यासाठी ‘प्रतीक्षालय’ असा शब्द वापरला आहे. दुसऱ्या योजनेच्या घडणीच्या काळात अर्थमंत्री असलेले चिंतामणराव देशमुख हे मेघदूताचे मराठी अनुवादक होते, हा योगायोग येथे आठवल्यावाचून राहत नाही. यक्षाच्या विरहाला एका वर्षाची मुदत होती आणि ती त्याला ठाऊक होती. (त्याचा रामगिरी रामटेकचा की सुरगुजाचा, हा नागपूर आणि छत्तीसगढ यांच्यातील आणखी एक न मिटलेला सीमावाद!)

या प्रतीक्षेचे मोजमाप पुण्यात झाले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज दरडोई २,२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च हे त्यांचे माप होते : १९६०–६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात वर्षाला १८० रुपये, शहरात २७० रुपये. या रेषेखाली ग्रामीण लोकसंख्येचा सुमारे चाळीस टक्के आणि शहरी लोकसंख्येचा सुमारे पन्नास टक्के भाग होता. दोन योजना पुऱ्या झाल्यानंतरचा हा हिशेब. महालनोबिसांनी उत्पादनाच्या बाजूने मांडलेली गोष्ट दांडेकर–रथांनी ताटाच्या बाजूने मांडली, आणि शहरी दारिद्र्याचा आकडा ग्रामीण आकड्याहून मोठा निघाला. गावातून निघालेला माणूस शहरात पोहोचतो, पण दुसऱ्या रकान्यात पोहोचत नाही, हे त्यातून दिसले. दांडेकरांनी सुचवलेला सार्वजनिक कामांचा उपाय महाराष्ट्रात रोजगार हमीच्या रूपाने आधीच आकार घेत होता. छत्तीसगढला त्यासाठी २००५ च्या केंद्रीय कायद्यापर्यंत थांबावे लागले.

मात्र भिलाईच्या परिसरात एक प्रतिमान असेही तयार झाले, ज्याचे कर्ते अर्थशास्त्रज्ञ नव्हते. कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथील कंत्राटी खाणकामगारांची संघटना १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. खाणींचे पूर्ण यांत्रिकीकरण होणार, हे दिसताच संघटनेने त्याला केवळ नकार दिला नाही; अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्यायी आराखडा मांडला. कोणते काम यंत्राने व्हावे, कोणते हातांनी, त्यात खर्च किती वाचतो आणि किती माणसे कामावर राहतात, याचे ते गणित होते. अमर्त्य सेन यांनी १९६० मध्ये तंत्रनिवडीवरचा आपला प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला होता. राजहराच्या कामगारांनी तोच प्रश्न खाणीच्या काठावर उभे राहून सोडवला. महालनोबिसांच्या समीकरणांत निवडीला जागा नव्हती, असे वर म्हटले आहे. ती जागा येथे निर्माण केली गेली. १९८३ मध्ये कामगारांनी स्वतःच्या श्रमाने आणि वर्गणीने शहीद हॉस्पिटल सुरू केले. 

१९९० मध्ये ही चळवळ भिलाईच्या खाजगी कारखान्यांकडे वळली आणि कुम्हारीच्या डिस्टिलरीतील कामगारही तीत आले. मागण्या साध्या होत्या : कायम नेमणूक, जगण्यापुरते वेतन, संघटनेला मान्यता. म्हणजे ‘काम’ या शब्दाचे ‘नौकरी’त रूपांतर. २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटेच्या अंधारात भिलाईत नियोगींची गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईतील रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेकांचे प्राण गेले. त्याच काळात देशाचे आर्थिक धोरण बदलत होते, अवजड उद्योगांचे युग संपल्याचे लेख लिहिले जात होते. रकान्यांची नावे बदलली, रकान्यांमधील भिंत तेवढी राहिली.

‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग मराठीत १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालानंतर रुळला. हिंदीने त्यासाठी ‘सतत विकास’, ‘टिकाऊ विकास’ असे शब्द वापरले. मराठीने ब्रह्माचे विशेषण उचलले, हिंदीने काळाचे आणि वस्तूचे. अनुवादाच्या अभ्यासकाने याकडे लक्ष द्यावे. टिकाऊ वस्तू कधीतरी झिजते, हे गृहीत असते. शाश्वताला झीज ठाऊक नाही. दल्ली-राजहराचे खनिज आता सरत आले आहे आणि भिलाईसाठी दक्षिणेकडील रावघाटचे डोंगर खोदण्याची तजवीज झाली आहे, हे पाहता हिंदीचा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.

या प्रदेशात अर्थशास्त्राची देशी परिभाषा घडवण्याचे आरंभीचे काम ज्यांनी केले, ते माधवराव सप्रे जन्माने मराठी होते. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि पुढे काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या कोशासाठी अर्थशास्त्राच्या संज्ञा जुळवल्या. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे तेच. १९०१ मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’त प्रसिद्ध झालेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदीतील आरंभीच्या कथांपैकी एक गणली जाते. जमीनदार आपल्या वाड्याचे आवार वाढवण्यासाठी एका विधवेची झोपडी बळकावतो. तिची अनाथ नात जुन्या घराशिवाय जेवेना, म्हणून चुलीपुरती माती नेण्याची ती परवानगी मागते आणि टोपली उचलू लागण्यास त्यालाच हात लावावयास सांगते. टोपली त्याला उचलत नाही. परिभाषा जुळवणारा आणि ही कथा लिहिणारा लेखक एकच आहे, या गोष्टीकडे हिंदी समीक्षेने पुरेसे पाहिलेले दिसत नाही. मराठी समीक्षेने तर त्यांना परके मानून सोडूनच दिले. कथेतली माती ही मालमत्ता नाही आणि उत्पादनाचा घटकही नाही. ती चूल घालण्याची सामग्री आहे, म्हणजे पुन्हा तिसऱ्या रकान्यातली वस्तू. तिचे वजन कोणत्या मापाने करावयाचे, हा कथेचा पेच आहे.

मुरूम हा शब्द मराठीत आणि छत्तीसगढीत एकच आहे. रायपूर–भिलाई पट्ट्यात रस्ते, भराव आणि इमारतींसाठी तो वर्षानुवर्षे उपसला गेला आहे. ९ एप्रिल २०२४ च्या रात्री कुम्हारीजवळ डिस्टिलरीच्या कामगारांना घरी नेणारी बस रस्त्यालगतच्या मुरुमाच्या खाणीतील खोल खड्ड्यात कोसळली आणि किमान बारा जण मृत्युमुखी पडले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रचलित गणनपद्धतीत उपसलेला मुरूम उत्पादन म्हणून जमेस धरला जातो. निव्वळ उत्पन्न काढताना यंत्रांचा घसारा वजा करतात. जमिनीचा घसारा वजा करण्याची तरतूद १९५५ च्या आराखड्यात नव्हती आणि त्यानंतरच्या एकाही पंचवार्षिक योजनेच्या मुख्य तक्त्यात ती आली नाही.